आधी दोरी धर, मग पेन्सिल

तुझा निरोप मिळाला. बी.आर्क.चं चौथं वर्ष सरत आलंय, प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं सत्र तोंडावर आहे, आणि टॉवरवाल्या ऑफिसात बसून पार्किंगच्या रेघा मारण्यापेक्षा न्यूझीलंडला यावं, लोकांबरोबर स्वतःच्या हाताने काहीतरी बांधावं, असं तुझ्या मनाने घेतलंय. मला फार आनंद झाला. तुझी ही मावशी इथे साइटवरच घडली म्हण, त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते सगळं सांगते. तुझ्या मैत्रिणींनाही वाचून दाखव.

जाहिरातीवर जाऊ नकोस. ‘इंटरनॅशनल’, ‘कम्युनिटी’, ‘हँड्स-ऑन’ हे शब्द एका ओळीत आले की मुलं पैसे भरायला तयार होतात, आणि आईबाप कर्ज काढतात. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला चार प्रश्न लिहून पाठव. ही इमारत मागितली कुणी? जमीन कुणाची? साइटवर जबाबदार माणूस कोण? आणि विद्यार्थी निघून गेल्यावर छप्पर गळलं तर शिडी कोण लावणार? तिसरा प्रश्न निव्वळ कायद्याचा आहे. राहत्या घराचा सांगाडा, छप्पर, बाहेरचं आवरण ही कामं इथे 2012 पासून परवानाधारक कारागिराने, म्हणजे लायसन्स्ड बिल्डिंग प्रॅक्टिशनरने, स्वतः करावी लागतात किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी लागतात. ‘विद्यार्थीच सगळं बांधतात’ असं कुणी अभिमानाने सांगू लागलं, तर त्या परवानाधारकाचं नाव विचार. उत्तर गोलगोल आलं तर तो नाद सोड.

पहिल्या प्रश्नावर माझा एवढा जोर का, ते सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी तुझ्यासारखीच शिकत होते. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली झोपलेली माणसं गाडली गेली. पुढे पुनर्वसनात 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. नवी घरं पक्की होती, त्याबद्दल वाद नाही. पण सरळ रुंद रस्ते, त्यांच्या कडेने एकसारख्या घरांच्या ओळी. जुन्या गावातली गल्ली, चौक, ओसरी त्यात कुठे नव्हती. आम्ही कॉलेजची मुलं नकाशाच्या गुंडाळ्या घेऊन गेलो, तेव्हा एका आजीने नकाशाकडे बघितलंही नाही. तिने विचारलं, “शेरडं कुठं बांधायची?” ते उत्तर कुठल्याच शीटवर नव्हतं. लोकांनी मग आपापल्या परीने पडव्या काढल्या, गोठे जोडले, आणि गावाला हळूहळू गावपण आणलं. म्हणून सांगते, मागणी लोकांची असेल तर काम टिकतं.

एडमंड हिलरींचं नाव तू एव्हरेस्टमुळे ऐकलंस. इथली माणसं त्यांना तितकंच नेपाळातल्या खुमजुंगच्या शाळेसाठी मानतात. ती शाळा 1961 मध्ये उभी राहिली, कारण शेर्पांनीच शाळा मागितली होती. नंतर 1966 मध्ये कुंदेचं इस्पितळ झालं. स्वतः हिलरी आणि त्यांचे सोबती पाठीवर सामान वाहून, हातोडी घेऊन या कामांत उतरले. परदेशी जाऊन लोकांसाठी बांधण्याची न्यूझीलंडची जी चांगली परंपरा आहे, ती ही.

आता कुठे पाहायचं ते सांगते. सर्वात आधी क्राइस्टचर्चला जा, चार दिवस का होईना. 22 फेब्रुवारी 2011 च्या दुपारी तिथे भूकंपात 185 माणसं गेली, आणि पुढच्या काळात शहराच्या मध्यभागातल्या बहुतेक इमारती पाडाव्या लागल्या. त्याच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये एक मोठा धक्का बसला होता. त्यानंतर काही तरुणांनी ‘गॅप फिलर’ नावाचं काम सुरू केलं. पडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागांवर तात्पुरतं, स्वस्त आणि लोकांच्या उपयोगाचं काहीतरी उभं करायचं. एका रिकाम्या प्लॉटवर त्यांनी नाचायची फरशी टाकली, आणि लाँड्रीतलं जुनं धुलाई यंत्र बदलून असं केलं की त्यात नाणं टाकलं की दिवे लागतात आणि आपलं गाणं लावता येतं. ज्या शहरात नाचायला हॉल उरला नव्हता, तिथे लोक रात्री येऊन नाचू लागले. 2012 च्या अखेरीस त्यांनी 3,000 हून अधिक लाकडी पॅलेट रचून एक मंडप उभारला. बांधणारे बहुतेक स्वयंसेवक होते. मूळ बेत एका उन्हाळ्याचा होता. शहराने वर्गणी काढून तो आणखी एक वर्ष ठेवला आणि 2014 मध्ये तो व्यवस्थित उतरवला.

त्याच 2012 च्या ऑक्टोबरमध्ये तात्पुरत्या वास्तुकलेचा ‘फेस्टा’ हा उत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी देशभरच्या वास्तुकला आणि डिझाइन शाळांचे सुमारे 350 विद्यार्थी एकत्र आले. पाडकामासाठी शहरात क्रेन उभ्याच होत्या. त्या क्रेनना लटकवून मुलांनी कापड, प्लास्टिक आणि दिवे यांच्या प्रचंड रचना केल्या आणि एका रात्रीपुरतं उजळलेलं शहर उभं केलं. ज्या भागात लोक महिनोन्महिने पाऊल टाकू शकले नव्हते, तिथे त्या रात्री हजारो माणसं फिरत होती. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या मुलांना बांधण्याबरोबर उतरवण्याचाही आराखडा करावा लागला. कुठला खिळा काढता येईल, कुठला बोल्ट परत वापरता येईल, क्रेनचा हुक किती वजन घेईल, वारा सुटला तर कापड आधी कुठून सोडायचं. आपल्या कॉलेजांत हे कुणी विचारत नाही. तू तुझ्या पहिल्या प्रकल्पापासून विचार.

क्राइस्टचर्चमध्येच वास्तुकार शिगेरु बान यांचं पुठ्ठ्याच्या नळ्यांचं कॅथीड्रल आहे, 2013 चं. ते बघच. आत बसून वर बघ, नळ्यांमधल्या फटींतून उजेड कसा खाली येतो ते. या गृहस्थांनी 2001 च्या भूकंपानंतर भुजमध्येही कागदी नळ्यांचं घर बांधलं होतं, पायात पडक्या इमारतींचाच राबिट भरून. म्हणजे तू जे शिकायला समुद्र ओलांडून येणार, त्यातलं काही आपल्या शेजारच्या राज्यात होऊन गेलंय. येण्याआधी तेही वाचून ये.

वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या मुलांनी ‘फर्स्ट लाइट’ नावाचं सौरऊर्जेवरचं लहानसं घर केलं, इथल्या सुट्टीच्या साध्या घरांच्या धर्तीवर, भिंतींत मेंढीच्या लोकरीचं अस्तर घालून. ते सुट्या भागांत जहाजाने अमेरिकेला नेलं, वॉशिंग्टनला पुन्हा जोडलं, आणि 2011 च्या सोलर डेकॅथलॉन स्पर्धेत तिसरा नंबर मिळवला. ऑकलंडच्या युनिटेकमध्ये ‘स्टुडिओ 19’ ने विद्यार्थ्यांना आराखड्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत एका लहान इमारतीबरोबर ठेवलं. अशा ठिकाणी काम करून गेलेल्या माणसाच्या हाताखाली जागा मिळाली तर डोळे झाकून घे.

माओरी समाजाबरोबर काम करायची संधी आली, तर जरा थांबून ऐक, कारण इथे घाई केली की दार बंद होतं. मराए म्हणजे त्या कुळाची एकत्र येण्याची जागा. तिथे आपण थेट आत जात नाही. बाहेर थांबायचं, आतून एखादी बाई साद घालते, मग हळू चालत जायचं, बायका पुढे. भाषणं होतात, नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून स्वागत होतं, आणि मग एकत्र खाणं. पाहुण्यांकडून पाकिटात कोहा, म्हणजे ऐपतीप्रमाणे भेट, द्यायची असते. ती गटाने मिळून देतात, तेव्हा आधी आपल्या प्रमुखाला विचारून ठेव. मोठ्या घरात शिरताना बूट बाहेर. जेवणाच्या टेबलावर कधीही बसू नकोस, टोपीही ठेवू नकोस. उशीवर बसू नकोस, झोपलेल्या माणसाला ओलांडू नकोस. खाणं त्या मोठ्या घरात नेऊ नकोस.

ते घर, फारेनुई, हे एका पूर्वजाचं शरीर मानलेलं असतं. आढं म्हणजे त्याचा कणा, वासे म्हणजे बरगड्या, पुढच्या तिरप्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. तुझ्यातल्या विद्यार्थिनीला लगेच टेप काढून मापं घ्यावीशी वाटतील. विचारल्याशिवाय घेऊ नकोस, फोटोही काढू नकोस. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जा आणि भांडी पुसायला फडकं उचल. कुणी सांगायची वाट बघू नकोस. तिथल्या बायका भांडी विसळता विसळता जे बोलतात, त्यात पाणी कुठल्या बाजूने शिरतं, थंडीत म्हाताऱ्यांना कुठे बसता येत नाही, अंत्यविधीला तीनशे माणसं आली की रांग कुठे तुंबते, हे सगळं निघतं. मीटिंगमध्ये विचारलंस तर तेच लोक शिष्टाचार म्हणून ‘सगळं छान आहे’ म्हणतील. शाकाहारी असलीस तर आदल्या दिवशी सांग. जमिनीत दगड तापवून हांगी लावतात तेव्हा मांस-भाज्या एकदमच पुरल्या जातात, ऐन वेळी वेगळं काढता येत नाही.

बे ऑफ प्लेंटीजवळ तानेआतुआ गावात तूहोए लोकांचं ‘ते कुरा फारे’ आहे, 2014 मध्ये उघडलेलं. जमलं तर तिथे जाऊन ये. आराखडा जॅसमॅक्स या मोठ्या कार्यालयाचा, पण मातीच्या हजारो विटा कुळातल्या लोकांनी हाताने पाडल्या. वीज सूर्याची, पाणी पावसाचं, सांडपाणी तिथेच शुद्ध केलेलं, आणि विषारी रसायनं असलेल्या मालाला मज्जाव. आपल्या मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांना ‘कच्चं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर बघावं. या देशात मातीच्या बांधकामाची स्वतंत्र मानकं 1998 पासून आहेत, भूकंपाचा हिशेब धरून लिहिलेली. नंबर लक्षात ठेव, 4297, 4298 आणि 4299. मातीला कायद्यात जागा मिळाली की इंजिनिअर तिच्यावर सही करतो. आपल्याकडे काय हवंय ते यातून कळतं. आणि 2008 च्या सुमारास माओरी डिझाइनरांनी मांडलेली ‘ते आरंगा’ तत्त्वंही येण्याआधी वाच. ऑकलंडमधल्या सार्वजनिक कामांत ती सर्रास वापरतात.

आता साइट. तुझं सगळं शिक्षण स्लॅब, कॉलम, वीट, प्लास्टर यांत झालंय. इथली घरं लाकडी चौकटीची असतात, पाइन लाकडाची, 90 बाय 45 मिलिमीटरच्या उभ्या दांड्यांची. त्यांचं बायबल म्हणजे 3604 नंबरचं मानक. तोंडपाठ नको, पण चाळून ये. माप फक्त मिलिमीटरमध्ये बोलतात. फूट, इंच, सूत सगळं विसर; ‘दोन मीटर चाळीस’ असंही कुणी म्हणत नाही, ‘चोवीसशे’ म्हणतात.

पहिले काही दिवस तुला झाडू, सामान आणि दोरीचं टोक मिळेल. रागावू नकोस. आखणी होते तेव्हा कोपऱ्याबाहेर खुंट्या ठोकून त्यांवर फळ्या मारतात, फळ्यांवर खिळे, खिळ्यांना दोऱ्या. एका दोरीवर 3 मीटर, दुसरीवर 4 मीटर, आणि मधलं अंतर 5 मीटर आलं की काटकोन. मग दोन्ही कर्ण मोजायचे. माझ्या पहिल्या साइटवर एक म्हातारा सुतार दोरी अंगठ्याने छेडून ताण बघायचा, कर्ण मोजायचा, खिळा पेन्सिलीच्या रेघेएवढा सरकवायचा, पुन्हा मोजायचा, आणि दोन्ही कर्णांत मिलिमीटरचाही फरक उरेनासा होईपर्यंत कुणाला चहाला सोडायचा नाही. तेव्हा हातात दोरीचं टोक धरून उभी राहिले आणि कोपरा बरोबर असणं म्हणजे काय ते मला कळलं. कॉम्प्युटरवर कोपरा नेहमीच बरोबर असतो, त्यामुळे तिथे ते कळत नाही. दोरी धरणाऱ्याला सगळी इमारत समजते. ही जागा हौसेने माग.

लाकडाचे रंग ओळखायला शीक. घराच्या आतल्या चौकटीचं लाकूड गुलाबी झाक मारलेलं असतं, त्यावर एच 1.2 छापलेलं. उघड्यावरचं एच 3.2, जमिनीत गाडायच्या खुंटांचं एच 5. चुकीचं लाकूड चुकीच्या जागी बसलं तर ते कुजतं, आणि हा धडा या देशाला फार महागात पडलाय. 1998 मध्ये प्रक्रिया न केलेलं लाकूड भिंतींत वापरायला मुभा मिळाली. त्याच काळात वळचणी नसलेल्या, सपाट छपराच्या, गिलावा केलेल्या घरांची फॅशन होती. पाणी आत गेलं, बाहेर यायला वाट नव्हती, आणि भिंती आतून सडल्या. 2009 मध्ये सरकारने करवून घेतलेल्या अंदाजात अशी 42,000 घरं होती. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. आता बाहेरच्या आवरणामागे 20 मिलिमीटरची पोकळी ठेवतात, शिरलेलं पाणी खाली उतरून जावं म्हणून. कोकणातल्या घरांना जी खोल वळचण असते, ती इथेही हवी. तुझ्या आराखड्यातली वळचण कुणी ‘लुक’साठी कापायला सांगितली तर वाद घाल.

या लाकडाचे उरलेले तुकडे कधीही जाळू नकोस. काहींत आर्सेनिक असतं, धूर विषारी होतो. शेकोटीला, हांगीला, शेगडीला चालत नाहीत. कापताना मास्क लाव, आणि जेवणाआधी हात धू. खिळ्यांची बंदूक कुणी शिकवल्याशिवाय हातात घेऊ नकोस. पुढे पोलाद असलेले बूट पुण्यातून आणण्यापेक्षा इथेच घे, इथल्या मानकाचे मिळतात. आणि ऊन! आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही हा समज विमानतळावरच सोड. इथल्या उन्हाळ्यातलं ऊन थंड वाऱ्यात जाणवत नाही, पण फार लवकर भाजतं. टोपी आणि सनस्क्रीन रोज.

उन्हावरून आठवलं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. ऐकायला सोपं आहे, पण हाताला लागलेलं वळण फार चिवट असतं. आपण नकळत ऊन दक्षिणेला धरतो. इथे बसायची खोली उत्तरेला उघडते, आणि दक्षिणेच्या खोल्या गारठलेल्या, बुरशी धरणाऱ्या. पहिल्याच दिवशी वहीच्या मलपृष्ठावर उत्तरेचा बाण आणि त्यावर सूर्य काढून ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. ‘पगार नाही, फक्त राहणं-जेवण देतो, तेव्हा व्हिजिटर व्हिसावर या’ असं कुणी म्हटलं तर मुळीच येऊ नकोस. इथल्या कायद्यात राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात आणि त्याला काम करायची परवानगी असलेला व्हिसा लागतो. नियम बदलत राहतात, ते इमिग्रेशन न्यूझीलंडकडूनच तपासून घे, एजंटाकडून नको. अपघात झाला तर एसीसी नावाची सरकारी योजना परदेशी पाहुण्यांच्याही उपचारांचा भार उचलते, चूक कुणाची हे न विचारता. पण आजारपण त्यात येत नाही, त्यासाठी विमा काढच. आणि इथल्या कामाचं प्रमाणपत्र आपलं कॉलेज ट्रेनिंग म्हणून मान्य करेल का, हे लेखी घे. तोंडी ‘हो’वर विसंबून सत्र वाया घालवू नकोस.

पोर्टफोलिओचं एक सांगायचं राहिलं. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो, मराएच्या आतले फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकू नकोस. इमारतीखाली फक्त तुझं नाव लिहू नकोस. कुणी मागितली, कुणी विटा पाडल्या, कुणी चौकट उभी केली, हेही लिही. तू नेमकं काय केलंस तेवढंच लिही. ‘दोन्ही कर्ण मी मोजले’ असं लिहिलेलं पान मला दहा रेंडरिंगपेक्षा जास्त पटतं, आणि नोकरीला माणसं घेताना मी तेच बघत आलेय.

परीक्षा झाली की आधी गावातल्या सुताराकडे पंधरा दिवस जा. करवत, पटाशी, गुण्या आणि ओळंबा हाताला बसू दे. मध्यंतरी ते चार प्रश्न संस्थेला पाठव, आणि आलेली उत्तरं जशीच्या तशी मला पाठव. आपण दोघी ती वाचू. विमानाचं तिकीट त्यानंतर काढ.